अहवालाला प्रश्न कोण विचारणार?

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत दोन प्रवासी बसले. एक होत्या शुक्रवार पेठेतल्या श्रीमंत विधवा लक्ष्मीबाई कर्वे. त्यांना क्षय आणि मधुमेह होता. दुसरे डॉ. अनंत चिंतामण लागू. ते लक्ष्मीबाईंच्याच घरात भाडेकरू होते, त्यांच्यावर उपचारही करायचे आणि त्यांच्या विश्वासातले होते. मुंबईतल्या एका तज्ज्ञ डॉक्टरांना प्रकृती दाखवायची, असं ठरलं होतं.

पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना टॅक्सीनं जी. टी. हॉस्पिटलमध्ये नेलं आणि त्यांचं नाव ‘इंदुमती’ असं भलतंच सांगितलं. आडनाव खोटं, ओळखही खोटी. त्याच दिवशी दुपार होण्याआधी लक्ष्मीबाई गेल्या. हॉस्पिटलच्या कागदांत मधुमेहानं आलेल्या बेशुद्धीचा उल्लेख होता. प्रेत घ्यायला कुणी आलं नाही. बेवारस म्हणून ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी जाणार होतं. तेवढ्यात गळ्यावरची एक खूण कुणाच्या तरी नजरेला पडली आणि शवविच्छेदन करायचं ठरलं. ते झालं २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर १० दिवसांनी. व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला. अहवाल आला: विष आढळलं नाही.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाई मेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. बाई तीर्थयात्रेला गेल्या आहेत, असं लागू सांगत राहिले. मग पत्रं येऊ लागली. त्यांत लिहिलेलं असायचं, की लक्ष्मीबाईंनी कुणा जोशींशी लग्न केलं आणि त्या जयपूरकडे राहायला गेल्या. पत्रं बनावट होती. दरम्यान बाईंची मालमत्ता लागूंच्या हाती जात होती. नातेवाइकांना संशय आला, तक्रारी वरपर्यंत गेल्या आणि १९५८ मध्ये लागूंना अटक झाली.

‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. हा लेख लागू दोषी होते की नव्हते यावर नाही. पुण्यात वेगवेगळ्या काळात झालेल्या तीन विषप्रयोगाच्या खटल्यांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, तो इथे मांडायचा आहे. प्रयोगशाळेचा कागद कोर्टात येतो तेव्हा आरोपीच्या बाजूनं त्याला प्रश्न विचारणारं कुणी असतं का?

न सापडलेलं विष

विषप्रयोगाच्या खुनात सरकारी पक्षाला साधारण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. मृत्यू विषानं झाला, आरोपीकडे ते विष होतं आणि ते देण्याची संधी त्याला होती. लागू खटल्यात संधी उघड होती, कारण रात्रभराच्या प्रवासात डॉक्टर बरोबरच होते. पण विषाचा पत्ता नव्हता. कोणतं विष, ते कुठून आणलं, कसं दिलं, यातलं काहीच कागदावर नव्हतं.

पुण्याच्या सत्र न्यायालयानं तरीही फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ डिसेंबर १९५९ ला लागला, पण एकमतानं नाही. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्याचा गाभा असा: प्रत्येक विष प्रयोगशाळेत सापडतंच असं नाही आणि डॉक्टर आरोपी असेल तर न सापडणारं विष निवडण्याइतकं ज्ञान त्याच्याकडे असतं. म्हणून खोटं नाव, लपवलेला मृत्यू, बनावट पत्रं आणि हडपलेली मालमत्ता यांतून विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो. मधुमेहाची शक्यता सरकारी पक्षाच्या वैद्यकीय साक्षीदारांनी नाकारली होती आणि न्यायालयानं ते मानलं.

न्यायमूर्ती ए. के. सरकार यांना हे पटलं नाही. मृत्यू अनैसर्गिक होता, हेच मुळात संशयापलीकडे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं मत पडलं. माणूस लबाड आहे, लोभी आहे, खोटारडा आहे, हे सगळं मान्य केलं तरी त्यातून बाईंचा मृत्यू कशानं झाला हे कळत नाही.

लागूंचं वागणं वाचून त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटणं कठीण आहे. तरीही बहुमताच्या युक्तिवादाकडे जरा थांबून पाहायला हवं. प्रयोगशाळेनं ‘विष आढळलं’ म्हटलं असतं तर तो आरोपीविरुद्धचा पुरावा झाला असता. ‘आढळलं नाही’ म्हटलं, तर आरोपी किती हुशार होता याची ती खूण ठरली. दोन्हीकडून फासा आरोपीवरच उलटतो. अशा वेळी कुणीतरी विचारायला हवं, की प्रयोगशाळेनं नेमकी कोणकोणती विषं तपासली? तिच्या पद्धतीला किती कमी प्रमाणातलं विष पकडता येतं? १० दिवसांच्या प्रेतात काय टिकतं आणि काय नाहीसं होतं? हे प्रश्न वकिलाला सुचायचे तर त्याच्या मागे रसायनशास्त्र जाणणारा माणूस लागतो.

१०० वर्षांपूर्वी लंडनमध्ये

न सापडलेल्या विषाचा सर्वांत गाजलेला खटला इंग्लंडमधला. तिथेही आरोपी डॉक्टरच होता. विल्यम पामर या डॉक्टरवर १८५६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत खटला चालला. घोड्यांच्या शर्यतीतला आपला मित्र कुक याला त्यानं स्ट्रिक्नीन दिलं, असा आरोप होता. त्या काळचे नामवंत विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांना कुकच्या अवयवांत अँटिमनी सापडलं, पण स्ट्रिक्नीन सापडलं नाही.

तिथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. पामरच्या वकिलांनी स्वतःचे रसायनतज्ज्ञ उभे केले. हेरापथ, लेथबी अशा शास्त्रज्ञांनी शपथेवर साक्ष दिली, की स्ट्रिक्नीन दिलं गेलं असतं तर ते सापडायला हवं होतं. ज्यूरीनं दोन्ही बाजूंचं विज्ञान ऐकलं आणि मग पामरला दोषी ठरवलं. त्याला फाशी झाली. बचावाचा तज्ज्ञ असला म्हणजे आरोपी सुटतो असं नाही. मात्र विज्ञान ही एका पक्षाची मालमत्ता राहत नाही.

सीए रिपोर्ट नावाचा कागद

आपल्याकडे गोष्टी वेगळ्या वळणानं गेल्या. मद्रास, कलकत्ता, आग्रा आणि १८७० मध्ये मुंबई अशा सरकारी रासायनिक प्रयोगशाळा निघाल्या. त्यांच्यापुढे विषांची काही कमी नव्हती. सोमल, धोतरा, अफू, कण्हेर, सगळं हाताशी होतं. अख्ख्या इलाख्याला एक विश्लेषक. तो प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टात साक्षीला कसा जाणार? म्हणून कायद्यानं सोय केली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० नुसार विश्लेषकाचा सहीचा अहवाल, त्याला साक्षीला न बोलावताही, पुरावा म्हणून वाचता येऊ लागला. १९७३ च्या संहितेत तेच कलम २९३ झालं आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९. न्यायालयाला वाटलं तर ते तज्ज्ञाला बोलावू शकतं, ही मुभा तेव्हाही होती आणि आजही आहे.

सोय म्हणून आलेल्या गोष्टीची सवय होते. कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात तो केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल म्हणजे बहुतेकदा एक-दोन पानं. सील शाबूत होतं, अमुक नमुना मिळाला, तमुक आढळलं. निष्कर्ष असतो, पण तिथपर्यंत कसे पोचलो ते क्वचितच असतं.

मग बचावाच्या वकिलाकडे काय होतं? एक जाडजूड पुस्तक. डॉ. जयसिंग मोदी यांचं न्यायवैद्यक आणि विषशास्त्रावरचं पुस्तक १९२० मध्ये आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वकिलांच्या कपाटात राहिलं. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी करायची तर त्यांच्यापुढे मोदीतला उतारा ठेवायचा, ही रीत. छोट्या गावातल्या वकिलासाठी तोच तज्ज्ञ आणि तीच प्रयोगशाळा. पण पुस्तक सर्वसाधारण सांगतं. या बाटलीतल्या या नमुन्याचं काय झालं, ते पुस्तक सांगू शकत नाही.

सापडलेलं विष

दुसरा खटला २६ वर्षांनंतरचा आणि त्याचा शेवट अगदी उलटा. ११ आणि १२ जून १९८२ च्या मधल्या रात्री पुण्यात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम ४ महिने झाले होते. या वेळी प्रयोगशाळेला विष सापडलं: पोटॅशियम सायनाइड. पुण्याच्या सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयानं ती कायम केली. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं हा सरकारी पक्षाचा मोठा आधार होता. संसारातलं तिचं दुःख त्यांत होतं.

‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ जुलै १९८४ ला पती निर्दोष सुटला. सायनाइड होतं, पण ते आरोपीकडे होतं याचा पुरावा नव्हता. आणि ज्या पत्रांतून छळ दिसत होता, त्याच पत्रांतून हळव्या, निराश मनाची चाहूलही लागत होती. आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती.

न्यायमूर्ती फाजल अली यांनी या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगितली. न्यायालयानंच त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. तिचा मेळ फक्त आरोपीच्या दोषाशीच बसावा. ती निर्णायक असावी. दुसरी प्रत्येक शक्यता तिनं बाद करावी. आणि साखळीत कडी सुटलेली नसावी. खून ‘झाला असू शकतो’ आणि ‘झालाच असला पाहिजे’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडायची जबाबदारी सरकारी पक्षाची आहे.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी लागू खटल्याशेजारी ठेवून वाचावी. आरोपी खोटं बोलला, तर ते खोटं पुराव्याच्या तुटलेल्या कडीची जागा घेऊ शकत नाही. साखळी आधी पूर्ण असेल, तरच खोटेपणा तिला बळ देतो. १९५९ मध्ये न्या. सरकार एकट्यानं ज्या दिशेनं बोट दाखवत होते, तिथपर्यंत १९८४ चं न्यायालय बरंच पोचलं होतं. देशातल्या कुठल्याही फौजदारी कोर्टात आज परिस्थितीजन्य पुराव्यावर युक्तिवाद सुरू झाला, की पुण्याच्या या खटल्याचं नाव निघतं.

बोलणारं यंत्र

तिसरा खटला २१ व्या शतकातला. जानेवारी २००७ मध्ये पुण्यात एमबीए शिकलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या पूर्वीच्या वाग्दत्त वधूनं त्याला मॅकडोनाल्ड्‌समध्ये भेटून प्रसादातून सोमल दिला, असा आरोप होता. सोमल हे खुनाच्या इतिहासातलं जुनंच नाव. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये ते पकडण्याची चाचणी शोधली, तेव्हापासून लपायला सर्वांत अवघड अशा विषांत ते मोडतं. या खटल्यात नवीन होतं ते दुसरंच काही.

मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत या तरुणीच्या डोक्यावर ३२ इलेक्ट्रोड लावून तिला गप्प बसवलं गेलं. मग एकेक वाक्य ऐकवण्यात आलं, ‘मी’ असं म्हणणारं. मी सोमल विकत घेतला, मी त्याला भेटले, अशा धर्तीचं. मेंदूच्या विद्युतलहरींवरून संगणक ठरवणार, की ही गोष्ट तिनं नुसती ऐकली आहे की स्वतः अनुभवली आहे. बीईओएस नावाची ही पद्धत मेंदूशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केली होती. चाचणीला तिनं संमती दिली होती. यंत्राचा कौल आला: अनुभव आहे.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं तिला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप दिली. इतर पुरावे होतेच, पण निकालात या चाचणीलाही वजन मिळालं. जगभरातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी कान टवकारले. ज्या पद्धतीची स्वतंत्र शास्त्रज्ञांनी छाननी केलेली नाही, तिच्यावर माणसाला जन्मठेप कशी देता येते, हा त्यांचा प्रश्न होता. निम्हान्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनंही त्याच वर्षी अशा चाचण्या पुरावा म्हणून वापरू नयेत, असं सांगितलं. पुढे उच्च न्यायालयानं आरोपींना जामीन दिला. ५ मे २०१० ला ‘सेल्वी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूच्या चाचण्या माणसाच्या इच्छेविरुद्ध करणं घटनाबाह्य ठरवलं.

यातली वेळ लक्षात घ्या. शास्त्रज्ञांच्या आक्षेपांची चर्चा देशविदेशात गाजली ती निकाल लागल्यावर. ती व्हायला हवी होती पुण्यातल्या कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर, निकालाच्या आधी.

हार्ड डिस्क आणि बॉस्टन

आता विषाची जागा मोबाइलनं आणि लॅपटॉपनं घेतली आहे. पुण्यातल्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात जानेवारी २०१८ मध्ये नोंदलेल्या एल्गार परिषद प्रकरणात संगणकात सापडलेल्या फायली हा महत्त्वाचा पुरावा आहे. बचाव पक्षाला हार्ड डिस्कची प्रत मिळाली आणि ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्‌समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडे तपासायला गेली. मालवेअर वापरून फायली बाहेरून आत टाकल्या गेल्या, असा तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत मालवेअर आढळलं नाही, असं तिचं म्हणणं. खरं काय ते खटल्यात ठरेल. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच, की पुण्याच्या खटल्यात बचावाच्या बाजूनं बोलणारा तज्ज्ञ बॉस्टनजवळ सापडला, आणि तोही प्रकरणाला देशभर प्रसिद्धी होती म्हणून. येरवड्यात कच्च्या कैदेत असलेल्या, कुणाला नावही माहीत नसलेल्या आरोपीनं काय करायचं?

कायद्यात काही दारं आहेत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हमधला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि बचावाच्या तयारीसाठी आरोपीला त्याची प्रत सर्वसाधारणपणे मिळायला हवी. २०२२ मध्ये ‘राहुल’ खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांना सोडताना न्यायालयानं खालच्या कोर्टांना बोल लावला, की डीएनए अहवालाचा निष्कर्ष कशावर उभा आहे हे त्यांनी तपासलंच नाही. म्हणजे अहवालाच्या पानामागची पानं मागता येतात: यंत्राचे आलेख, नोंदवहीतली टिपणं, नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला त्याची साखळी.

आणि साखळीचा प्रश्न फक्त आरोपीच्या कामाचा नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर ससूनमध्ये रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. नमुना बदलला, की सर्वांत प्रामाणिक प्रयोगशाळाही खोटंच बोलणार. अहवालाला प्रश्न विचारायची सवय असेल, तर तिचा फायदा पीडितांनाही होतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे. कोर्टात विज्ञान वाढणार आणि ते चांगलंच आहे. पण हा तज्ज्ञ तपास यंत्रणेच्या बोलावण्यावरून येणार. गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील देणारं कलम त्याच संहितेत आहे, ३४१ वं. ते वकिलाबद्दल बोलतं, तज्ज्ञाबद्दल नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये ‘एक विरुद्ध ओक्लाहोमा’ या खटल्यात निर्णय दिला, की मानसिक स्थिती हा खटल्यातला कळीचा मुद्दा असेल, तर गरीब आरोपीला मनोविकारतज्ज्ञाची मदत मिळाली पाहिजे. नुसता वकील पुरेसा नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आलं.

आपल्याकडे त्यासाठी फार मोठी क्रांती लागेल असं नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा प्राधिकरणाकडे तज्ज्ञांची यादी आणि त्यांच्या मानधनाची तरतूद असावी. सीए रिपोर्टसोबत मूळ नोंदी आपोआप दोन्ही पक्षांना मिळाव्यात. निवृत्त विश्लेषक, वैद्यकीय महाविद्यालयांतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक, संगणकतज्ज्ञ पुण्यात कमी नाहीत. विद्येचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात बचावाच्या वकिलाला एक रसायनतज्ज्ञ मिळू नये, हे जरा विचित्रच.

लागू खटल्यातल्या त्या रात्री गाडीत काय घडलं, हे आता कळण्याचा मार्ग नाही. लक्ष्मीबाईंना न्याय मिळाला, असं बहुमताला वाटलं आणि कदाचित ते बरोबरही असेल. पण प्रयोगशाळेनं काय शोधलं होतं आणि काय शोधलंच नव्हतं, हे त्या दिवशी आरोपीच्या बाजूनं ठामपणे विचारलं गेलं असतं, तर ‘कदाचित’ हा शब्द आज इथे लिहावा लागला नसता.